पाऊस, कापूस आणि आंकडा : मुंबईंतील सट्ट्याच्या इतिहासाचें एक प्रकरण

(१)

अहमदनगर जिल्ह्यांत (या जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे) प्रवरेच्या कांठीं बेलापूर म्हणून एक गांव आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर मनसोक्त बरसणारे ढग या बाजूस पोंचेपर्यंत बहुधा रिते झालेले असतात. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ आणि पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ या जिल्ह्यानें भोगले. भंडारदऱ्याचें धरण पुरें होण्यास १९२६ साल उजाडलें. तोंपर्यंत, आणि कालव्याचें पाणी ज्यांच्या शेतास लागलें नाहीं त्यांच्या बाबतींत त्यानंतरही, मृगाचा पाऊस पडेल कीं नाहीं हा येथील कुणब्याच्या जीविताचा प्रश्न होता.

ज्या काळांत बेलापूरचा कुणबी आभाळाकडे डोळे लावून बसत होता, त्याच काळांत मुंबईच्या बाजारांत कांहीं मंडळी तितक्याच उत्कंठेनें आभाळाकडे पाहत होती. त्यांना पेरणी करावयाची नव्हती. अमुक वेळाच्या आंत छपराच्या परनाळींतून पाणी वाहील इतका पाऊस होतो कीं नाहीं, एवढ्याच गोष्टीवर त्यांचे रुपये लागलेले असत. या व्यवहारास ‘बरसातका सट्टा’ असें नांव होतें. मुंबईंत १८९० सालीं त्यास कायद्यानें बंदी झाली. पण सट्टा थांबला नाहीं. त्यानें केवळ आधार बदलला. पावसाच्या पूर्वीं तो अफूच्या भावावर चाले. पावसानंतर तो अमेरिकेंतील कापसाच्या भावावर चालूं लागला. आणि तोही आधार तुटला तेव्हां तो एका मातीच्या मडक्यांत जाऊन बसला.

या स्थित्यंतरांची हकीकत येथें संगतवार द्यावयाची आहे. तीं देतांना एका प्रश्नाचें उत्तर शोधावें असा आमचा हेतु आहे. जुगार हा व्यसनी माणसाचा दोष म्हणून फार जुना आहे. परंतु त्याभोंवतीं टोळी, दहशत आणि लांच यांची जी पक्की व्यवस्था विसाव्या शतकांतील मुंबईंत उभी राहिली, ती कशामुळें उभी राहिली? आमच्या समजुतीप्रमाणें तिचें मूळ जुगाऱ्याच्या लोभांत जितकें आहे, तितकेंच कायद्यानें मोकळ्या ठेवलेल्या एका जागेंत आहे.

(२)

प्रथम जुन्या विचारांकडे वळूं. द्यूताविषयीं आमच्या शास्त्रकारांचें एकमत नव्हतें. मनूनें द्यूत आणि समाह्वय, म्हणजे प्राण्यांच्या झुंजींवरील पैज, या दोहोंचा कडक निषेध केला असून जुगाऱ्यांस नगराबाहेर घालवावें असें सांगितलें आहे. कौटिल्याची दृष्टि निराळी आहे. त्याच्या अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारी आहे. जुगार त्यानें एका ठिकाणीं आणावा, अन्यत्र खेळणारास १२ पण दंड करावा आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा ५ घ्यावे, अशी तेथें व्यवस्था आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत हा विचार अधिक स्पष्ट झाला आहे. जुगाराचा अड्डा चालविणारास तेथें ‘सभिक’ म्हटलें आहे. सभिकानें खेळानुसार शेंकडा ५ किंवा १० घ्यावे, राजास त्याचा भाग द्यावा, हरलेल्याकडून रक्कम वसूल करून जिंकणारास पोंचवावी, आणि वचनास जागावें, अशीं त्याचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. राजास भाग पोंचला असेल आणि खेळ उघडपणें सभिकाच्या जागीं झाला असेल, तर जिंकलेलें द्रव्य राजानें देववावें. एरवीं देववूं नये. जुगार एका मुखाखालीं ठेवण्याचें कारणही स्मृतिकारानें दडविलेलें नाहीं. चोर ओळखतां यावेत, हें तें कारण होय.

सभिकाचें वसुलीचें काम व्यवहारांत कसें चाले, याचें चित्र शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या दुसऱ्या अंकांत आहे. दहा सुवर्ण हरलेला संवाहक पळतो; सभिक माथुर आणि दुसरा जुगारी त्याचा माग काढतात; तो एका ओस देवळांत मूर्ति होऊन उभा राहतो, तेथेंही सांपडतो आणि मार खातो. शेवटीं वसंतसेना त्याचें देणें फेडते. प्रेक्षकांस हा प्रवेश हास्यकारक वाटतो. पण वसुलीचें काम शास्त्रानें सभिकाच्या हातीं दिलें म्हणजे तें कोणत्या साधनांनीं होईल, हेंही कवीनें दाखवून ठेविलें आहे.

यावरून दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. जुगाराच्या प्रत्येक व्यवहारास दोन प्रकारचा विश्वास लागतो. पहिला निकालाविषयींचा : फांसा खोटा नाहीं, आंकडा कोणी फिरविलेला नाहीं, याची खात्री. दुसरा पैशाविषयींचा : हरणारा देईल आणि जिंकणारास मिळेल, याची खात्री. याज्ञवल्क्यानें दोन्ही खात्र्या सभिकावर व त्याच्या पाठीशीं असलेल्या राजावर ठेवल्या. एकोणिसाव्या शतकांत राजानें यांतून अंग काढून घेतलें, आणि आमच्या कथेस तेथूनच प्रारंभ होतो.

(३)

कंपनी सरकारची अफू कलकत्त्यास लिलांवानें विकली जाई. पुढील लिलांवांत पाटण्याच्या अफूचा सरासरी भाव काय येईल, यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावीत. अफूची एक पेटीही हातांत न घेतां, केवळ भावाच्या अंतराची देवघेव व्हावी, असें त्यांचें स्वरूप असे. अशा एका पैजेचा वाद मुंबईच्या सुप्रीम कोर्टांतून विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपुढें गेला. रामलाल ठाकुरसीदास या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या दाव्याचा निकाल १८४८ सालीं लागला. इंग्लंडांत पैजेच्या दाव्यास बंदी करणारा १८४५ चा कायदा हिंदुस्थानास लागू नव्हता. सबब जुन्या इंग्रजी रूढ कायद्याप्रमाणें पैजेची रक्कम मागतां येते, असें न्यायाधीशांनीं ठरविलें. लॉर्ड कँबेल यांनीं हा निर्णय खेदपूर्वक दिला, पण दिला.

त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें २१ वा कायदा करून हें दार बंद केलें. जुगाराचे व पैजेचे सर्व करार रद्दबातल, आणि त्यांवर कोणत्याही कोर्टांत दावा चालणार नाहीं, असें त्यानें ठरलें. येथें एक भेद नीट ध्यानांत घ्यावा. या कायद्यानें पैज हा गुन्हा ठरविला नाहीं. त्यानें इतकेंच सांगितलें कीं, हें देणें सरकार वसूल करून देणार नाहीं.

मुंबई इलाख्यांत याच्याही पुढचें पाऊल पडलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीमुळें तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरांत शेअरांचा सट्टा माजला. बॅकबेच्या समुद्रभरणीच्या कंपनीचे ५,००० रुपयांचे शेअर कित्येक पटींनीं विकले गेले. यादवी संपतांच कापसाचा भाव कोसळला. मुदतीच्या सौद्यांचा दिवस १ जुलै १८६५ हा होता, आणि त्या दिवशीं मुंबईंतील अनेक मोठीं घराणीं बुडालीं. बँक ऑफ बाँबेही पुढें मोडली. त्याच १८६५ सालच्या मुंबईच्या ३ ऱ्या कायद्यानें, मूळ पैजच नव्हे, तर पैजेस साहाय्यभूत असा कोणताही करार, म्हणजे दलाली, जामीन, पैजेसाठीं दिलेली उसनवारी, हेंही सर्व रद्द ठरविलें. १८७२ च्या कराराच्या कायद्याच्या ३० व्या कलमानें पैज सर्व देशांत रद्दबातल झाली. परंतु दलालाचा दावा इतर प्रांतांत चालूं शके, तो मुंबई इलाख्यांत चालत नसे. म्हणजे देणेकरी, घेणेकरी आणि मधला दलाल या तिघांसही येथें कोर्टाचा उंबरठा बंद झाला.

त्याच ३० व्या कलमांत एक अपवाद आहे. घोड्यांच्या शर्यतींत जिंकणारास द्यावयाचें ५०० रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीचें बक्षिस असेल, तर त्यासाठीं केलेली वर्गणी कायदेशीर समजावी. हा अपवाद लहान दिसतो. त्याचा विचार पुढें येईल.

(४)

अफूच्या भावांत एक खोट होती. ज्याची पैज लागली आहे तोच माणूस लिलांवांत बोली चढवून सरासरी हलवूं शकतो. पावसास कोणी बोली लावूं शकत नाहीं. सट्टेवाल्यांच्या दृष्टीनें पावसाचें हेंच मोल होतें. पाऊस कोणाच्या ओळखीचा नाहीं, कोणाचा मिंधा नाहीं, आणि त्याचा निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो. मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही शहरांत हा खेळ चाले. मुंबईंतील एका प्रकारास ‘कलकत्ता मोरी’ असेंच नांव होतें.

मुंबई सरकारनें जुगारबंदीचा कायदा १८८७ सालीं (त्या वर्षाचा ४ था) एकत्र करून सुधारला. जुगाराचें घर चालविणें, तेथें खेळतांना सांपडणें, हे त्यानें गुन्हे ठरविले. झडतींत जुगाराचीं साधनें मिळालीं तर तें घर जुगाराचेंच आहे असें उलट पुरावा येईपर्यंत धरावें, असा नियम घातला. फांसे, पत्ते, कवड्या यांस हें ठीक होतें. पण पावसास साधन कोणतें? परनाळ हें जुगाराचें उपकरण कसें म्हणावें? १८८९ सालीं मुंबई हायकोर्टानें ठरविलें कीं, पावसावरील पैज या कायद्यांतील जुगाराच्या व्याख्येंत बसत नाहीं. तेव्हां सरकारनें १८९० च्या पहिल्या कायद्यानें व्याख्याच वाढविली आणि जुगार या शब्दांत पैजेचा समावेश केला. बंगाल सरकारनें पावसाच्या जुगाराविरुद्ध आपला कायदा १८९७ सालीं केला.

जुगार वाहतुकीच्या साधनांमागून फिरतो हेंही राज्यकर्त्यांच्या ध्यानांत आलेलें होतें. नागपूर ज्या मध्यप्रांतांत मोडत असे, त्यास लागू असलेल्या १८६७ च्या कायद्यांत, शहरांप्रमाणेंच आगगाडीचें स्टेशन व त्यापासून ३ मैलांच्या आंतील जागा यांस कायदा लागू करण्याचा अधिकार सरकारास दिला आहे. रूळ जेथें गेले, तेथें बाजार गेला. आणि बाजारामागून जुगार जाईल, हा त्यांतील तर्क आहे.

(५)

आतां तो शर्यतींचा अपवाद. मुंबईंत महालक्ष्मीचें शर्यतीचें मैदान १८८३ पासून आहे. पावसाळा सुरू झाला कीं मुंबईच्या गव्हर्नराचा मुक्काम पुण्यास गणेशखिंडीस येई, आणि त्याच्यामागून मुंबईचे धनिक, संस्थानिक आणि साहेबलोक येत. पुण्याचा हा पावसाळी मोसम म्हणजे त्या काळचें विलासनगरच होतें, आणि घोड्यांच्या शर्यती हा त्याचा केंद्रबिंदु होता. मुंबईस पावसावर चार रुपये लावणें गुन्हा ठरला, पण पुण्यास भर पावसांत घोड्यावर चार हजार लावणें हें प्रतिष्ठितांचें मनोरंजन राहिलें. जुगाराच्या व्याख्येंतून, शर्यतीच्या दिवशीं, मैदानावर राखून ठेवलेल्या आवारांत केलेली पैज वगळलेली आहे.

परंतु आवाराच्या बाहेरही माणसें होतीं. ज्यांना आंत जाण्याची ऐपत नव्हती, किंवा जे पुण्यास येऊं शकत नव्हते, त्यांच्यासाठीं शहरांत गल्लीबोळांतून पैजा घेणारीं दुकानें चालूं लागलीं. १९१२ सालीं मुंबई सरकारनें शर्यतीच्या मैदानांना परवाना आवश्यक केला. १९२५ सालीं पैजेवर कर बसविणारा कायदा झाला. म्हणजे शर्यतींच्या बाबतींत सरकारनें कौटिल्याचा मार्ग धरला : जागा एक, परवाना सरकारचा, आणि जिंकलेल्यांतून राजास भाग. पावसाच्या आणि आंकड्याच्या बाबतींत त्यानें मनूचा मार्ग धरला. एकाच राज्यांत हे दोन मार्ग शेजारी शेजारी चालले, आणि कोणास कोणता लागू करावयाचा हें खेळाच्या स्वरूपावरून न ठरतां बहुतांशीं खेळणाराच्या दर्जावरून ठरलें, असें म्हटल्यावांचून गत्यंतर नाहीं.

(६)

पाऊस बंद झाला, आणि अफूची चीनशीं चाललेली निर्यात १९१३ च्या सुमारास संपली. तेव्हां सट्ट्यास नवा आंकडा हवा होता. तो तारेनें आला. मुंबई व सुवेझ यांच्यामधील समुद्री तार १८७० सालीं पडली होती. अटलांटिकखालची तार त्यापूर्वीं १८६६ सालीं चालूं झाली होती. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारांतील उघडते व मिटते भाव यामुळें मुंबईस रोज येऊं लागले. खऱ्या व्यापाऱ्यास हे भाव आवश्यकच होते. ज्यानें वऱ्हाडांत किंवा खानदेशांत कापूस खरेदी केला, तो भाव उतरण्याच्या भीतीनें वायद्याचा सौदा करून आपला धोका दुसऱ्यावर टाकी. १९२१ सालीं स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशननें असे सौदे नियमांत आणण्याचा यत्न केला. कोर्टानें कसोटी अशी ठेविली कीं, माल द्यावयाचा-घ्यावयाचा नाहीं असा दोन्ही पक्षांचा उद्देश असेल तर तो सौदा पैज समजावा. मनांतील उद्देशाची ही कसोटी लावणें न्यायाधीशासही कठीण, मग पोलिसास किती कठीण असेल, हें सांगणें नलगे.

पण गल्लींतील खेळ्यास वायद्याशीं कर्तव्य नव्हतें. त्याला भावांतील एक आंकडा पुरे होता. ० पासून ९ पर्यंत कोणता आंकडा येतो, यावर तो आणा-दोन आणे लावी. अफूच्या भावांतील खोट येथें नव्हती, कारण मुंबईचा सटोडिया न्यूयॉर्कचा बाजार हलवूं शकत नव्हता. आणि पावसाची अनियमितताही नव्हती, कारण आंकडा बाजाराच्या प्रत्येक दिवशीं, बाराही महिने येई. निकालाविषयींचा विश्वास इतका निर्वेध पूर्वीं कधींच मिळाला नव्हता. म्हणून हा खेळ व्यापाऱ्यांच्या पेढीवरून उतरून गिरणीकामगाराच्या चाळीपर्यंत पोंचला.

राहिला दुसरा विश्वास, पैशाविषयींचा. रोज शेंकडों हातांतून आणे गोळा करावयाचे, ते एका ठिकाणीं न्यावयाचे, आंकडा आल्यावर जिंकणारांस वांटावयाचे, आणि उधारीवर खेळलेल्यांकडून वसूल करावयाचे. यांतील एकही काम कोर्टाच्या आधारानें होऊं शकत नव्हतें. १८६५ च्या कायद्यानें दलाल, जामीन व उसनवार देणारा यांसही दाराबाहेर ठेविलें होतें. मोठ्या व्यापाऱ्यांत ही उणीव अब्रूनें भरून निघे. एकदां शब्द मोडला कीं बाजारांत उभें राहण्याची सोय नसे. पण गिरणगांवांतल्या अनोळखी माणसांत अब्रूचा असा बाजार नव्हता. तेथें ती उणीव दंडाच्या बळानें भरून निघाली.

त्या वस्तींतील ‘दादां’विषयीं राजनारायण चंदावरकर यांनीं आपल्या १९९४ च्या ग्रंथांत जें विवेचन केलें आहे, तें येथें उपयोगी पडतें. दादा हा केवळ गुंड नव्हता. त्याचा आखाडा असे; मुकादम, सावकार, घरमालक, दुकानदार यांच्याशीं त्याचे संबंध असत; तो भांडणें मिटवी, आणि लावीही. अशा माणसाकडे जुगाराच्या वसुलीचें काम जाणें हें अगदीं स्वाभाविक होय. माथुराचें काम राजाच्या हुकमानें चाले. दादाचें काम राजाच्या अनुपस्थितींत चालूं लागलें, एवढाच फरक.

या व्यवस्थेच्या खुणा भाषेंतही उमटल्या आहेत. ‘दादा’ म्हणजे वडील भाऊ. तो शब्द धाक दाखविणारास लागला. ‘हप्ता’ हा फारशी शब्द आठवड्याचा वाचक. तो आधीं कर्जाच्या ठराविक फेडीस आणि पुढें कानाडोळा करण्याबद्दल दिल्या जाणाऱ्या नेमाच्या लांचेस लागला. ‘तडीपार’ म्हणजे कांठापलीकडे घालविलेला. मुंबई शहरच्या १९०२ च्या पोलीस कायद्याच्या २७ व्या कलमानें टोळ्या पांगविण्याचा अधिकार पोलीस कमिशनरास दिला; १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यांत हद्दपारीचीं कलमें अधिक विस्तारानें आलीं, आणि जुगाराच्या कायद्याखालीं पुनः पुनः शिक्षा झालेल्यांसही तीं लागू झालीं. मनूचा नगराबाहेर घालविण्याचा दंड अशा रीतीनें छापील कायद्यांत परत आला.

(७)

१९६१ सालीं न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव सट्ट्यास मिळेनासे झाले. यावर तोडगा म्हणून आंकडा येथेंच काढण्याची कल्पना निघाली. कल्याणजी भगत यांनीं १९६२ मध्यें वरळीस आणि रतन खत्री यांनीं १९६४ मध्यें स्वतंत्रपणें हा खेळ सुरू केला. चिठ्ठ्या मडक्यांत घालून काढीत म्हणून त्यास ‘मटका’ हें नांव पडलें. पुढें मडकें जाऊन पत्ते आले, तरी नांव राहिलें. तीन आंकडे काढावे, त्यांची बेरीज करावी आणि बेरजेचा एकंस्थानचा आंकडा धरावा, अशी रीत. उदाहरणार्थ ५, ३ व ६ निघाले तर बेरीज १४, आणि आंकडा ४. एका आंकड्यावर एक रुपया लावून तो आला तर ९ रुपये मिळत. दहाही आंकड्यांवर एकेक रुपया लागला असें धरलें, तर १० जमा होतात, ९ जातात आणि १ चालविणाराजवळ उरतो. हा शेंकडा १० चा भाग म्हणजे याज्ञवल्क्यानें सभिकास दिलेला वरचा भागच होय. मात्र त्यांतील राजाचा भाग आतां खजिन्यांत न जातां वाटेंतच मुरूं लागला.

येथें एक मोठा फरक पडला. आजवर आंकडा बाहेरून येत होता : लिलांवांतून, आभाळांतून, समुद्रापलीकडून. आतां तो एका माणसाच्या हातांतून येऊं लागला. म्हणून निकालाचा विश्वासही त्याच्या नांवावर येऊन बसला. वसुलीची सत्ता आणि आंकड्याची सत्ता एकाच ठिकाणीं जमा झाली. पूर्वींच्या सट्ट्यास जो एक बाहेरचा अंकुश होता तोही गेला. गिरण्यांच्या पाळ्यांवर चालणारा हा धंदा इतका पसरला कीं, जुगारबंदीच्या कायद्यांत आंकडे छापण्यास बंदी घालणारें कलम घालतांना ‘वरळी मटका’ हें नांवच लिहावें लागलें. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगांवच मोडलें, आणि या खेळाचा जुना पाया खचला.

इकडे कायद्याचें तत्त्व सुप्रीम कोर्टानें १९५७ सालीं चमारबागवाला यांच्या प्रकरणांत स्पष्ट केलें. शब्दकोड्यांच्या बक्षिसी स्पर्धांविषयींचा तो वाद होता. जुगार हा व्यापारच नव्हे, सबब व्यापारस्वातंत्र्याचा हक्क त्यास मिळत नाहीं, असें कोर्टानें ठरविलें. त्याच कोर्टानें १९९६ सालीं घोड्यांची शर्यत मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्यानें ती जुगार नव्हे, असा निर्णय दिला. १८७२ मधील तो लहानसा अपवाद सव्वाशें वर्षांनीं असा प्रतिष्ठित झाला.

विलासस्थानांतील जुगाराचा प्रश्नही मिटलेला नाहीं. गोव्यांत १९७६ च्या जुगारबंदी कायद्यास १९९२ मध्यें अपवाद जोडून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगारास वाट दिली गेली, आणि पुढें मांडवीच्या पात्रांत त्यासाठीं जहाजें उभीं राहिलीं. महाराष्ट्रानें त्याच १९७६ सालीं कॅसिनोंचें नियंत्रण व कर यांविषयीं कायदा केला. तो कधींच अंमलांत आला नाहीं, आणि २०२३ सालीं रद्द झाला. ४७ वर्षें हा कायदा पुस्तकांत पडून होता. कौटिल्याकडे जावें कीं मनूकडे, याचा निश्चय राज्यास इतका काळ करतां आला नाहीं, असाच याचा अर्थ करावा लागतो.

(८)

वरील हकीकतीवरून जुगार मोकळा करावा असें कोणी अनुमान काढील, तर तें आमचें नव्हे. सभिकाच्या सरकारमान्य अड्ड्यांतही संवाहक हरतच होता आणि मारही खात होता. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, एखादें देणें कोर्टांत चालणार नाहीं असें सांगितल्यानें तें देणें नाहींसें होत नाहीं. तें वसूल करणारा दुसरा कोणी उभा राहतो. १८४८ व १८६५ च्या कायद्यांनीं न्यायाधीश या व्यवहारांतून बाजूस झाला. १८८७ व १८९० च्या कायद्यांनीं पोलीस आंत आला, पण तो अड्डा मोडण्यासाठीं. देणें-घेणें मिटविण्यासाठीं नव्हे. त्या दोहोंच्यामध्यें जी जागा रिकामी राहिली ती दादानें भरली. बंदी घालणाऱ्या राज्यानें या जागेचा विचार केला नाहीं, आणि त्याची किंमत धनिक सटोडियानें नव्हे, तर आणा-दोन आणे लावणाऱ्या मजुरानें व त्याच्या घरच्या माणसांनीं दिली.

आणखी एक विचार मनांत येतो. बेलापूरच्या कुणब्यानें शेतांत टाकलेलें बीं हीही एक पावसावर लावलेली रक्कमच होती. ती हरली तर त्यालाही सावकाराचें देणें असे. पण तें देणें मात्र कोर्टांत चालत असे, आणि त्यापायीं त्याची जमीन जात असे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांचें मूळ यांतच आहे. पावसावर पैज लावणाराचें कर्ज कायद्यानें रद्द ठरविलें, आणि पावसावर पेरणी करणाराचें कर्ज त्याच कायद्यानें वसूल करून दिलें. दोन्ही निर्णय आपापल्या जागीं सकारण होते. तथापि इतिहास लिहिणारानें ते शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत.

या विषयावरील जें साहित्य आज हातीं आहे, तें बहुतेक सरकारी बाजूचें आहे : कायदे, निवाडे, पोलिसांचे अहवाल. १९०९ ते १९१६ या काळांत मुंबईचे पोलीस कमिशनर असलेले एस्. एम्. एडवर्ड्स यांनीं १९२३ मध्यें शहर पोलिसांचा इतिहास प्रसिद्ध केला, तोही त्याच बाजूचा. दुसऱ्या बाजूचीं साधनें जुन्या पेढ्यांच्या रोजमेळांत, दलालांच्या चोपड्यांत आणि चाळींतील ट्रंकांच्या तळाशीं असलेल्या चिठ्ठ्यांत असणार. त्यांत घराण्याची अप्रतिष्ठा आहे असें समजून तीं जाळलीं जातात किंवा रद्दींत जातात. ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं ते जपून ठेवावे आणि अभ्यासकांस दाखवावे, अशी विनंती करून हा लेख येथें संपवितों.